वहिनीने यंदाच्या चवथीला "जमचें ना" (जमणार नाही) म्हटलंय. चूक कुणाची?

भिरंड:

घरचं गाऱ्हाणं इथे मांडू की नको, यात चार दिवस गेले. पण घरात जो तो आपल्या बाजूने बोलतोय, म्हणून परक्या माणसांना विचारते.

आमचं माहेर सुर्ल्याला, डिचोली तालुक्यात. घरी पाच दिवसांची चवथ, म्हणजे गणपती. गेल्या शनिवारी वहिनी मागच्या दारी समई घासत होती. घासता घासताच आईला आणि दादाला म्हणाली, "यंदा म्हाका जमचें ना." आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. समई पुसून कोनाड्यात ठेवली आणि कंपनीची बस पकडायला निघून गेली.

तेव्हापासून फोनवर फोन. आईचं म्हणणं, आजोबांनी चालवलेलं बंद पाडणारी ही कोण. धाकटा भाऊ बेंगळुरूला असतो. तो म्हणतो, दीड दिवसावर आणा नाहीतर सरळ केटररला सांगा, आणि हो, एकदाची घराची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणी, करून सगळं मोकळं करू. (चवथीचा विषय इन्व्हेंटरीवर कसा पोचला ते त्यालाच ठाऊक.) दादा गप्प. आणि मध्ये मी, कारण "तुझं ती ऐकते". ऐकण्यासारखं काही मी तिला आजवर सांगितलंय असं मला तरी आठवत नाही.

आता मागचं. दादाचं लग्न २००६ च्या मे महिन्यातलं. लोहखनिजाच्या खाणी तेव्हा जोरात होत्या, चीनला माल जात होता. आमच्या रस्त्याने पहाटेपासून टिप्परांची रांग लागायची. तुळशीची पानं पावसाळा सोडला तर कायम लाल. दादाने २००७ मध्ये एक टिप्पर घेतला, २०१० मध्ये दुसरा, दोन्ही कर्जावर. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं. त्यातला आमच्या दोन टिप्परांचा वाटा चिमूटभर, पण त्या चिमटीत आमच्या घराला पोर्च आला, स्वयंपाकघराला टाइल्स आल्या, आणि चवथ फुगली.

हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय. आजोबांच्या वेळी गणपती होता, आरतीला घुमट वाजायचा, पण पंगत भावकीपुरती. पंचवीस-तीस पानं. टिप्परच्या वर्षांत ड्रायव्हर आले, क्लीनर आले, खाणीवरचे ओळखीचे आले, दादाचे मित्र आले, आरतीची दोन मंडळं जेवायला राहू लागली. पाच दिवसांत दोनशेच्या आसपास पानं उठायला लागली. आई ज्याला आजोबांनी चालवलेलं म्हणते ते निम्म्याहून जास्त टिप्परने चालवलेलं आहे.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा चवथ आठवड्यावर आली होती. सगळे म्हणायचे, दोन महिन्यांत परत सुरू होतील. म्हणून त्या वर्षी दादाने हात आखडला नाही, उलट लोकांनी काही म्हणू नये म्हणून दोन पानं जास्तच. पुढचं गोव्यातल्या लोकांना सांगायला नको. २०१४ मध्ये बंदी उठली, थोडं चाललं, मार्च २०१८ मध्ये परत बंद. एक टिप्पर बँकेने नेला. दुसरा फणसाखाली उभा राहून इतका गंजला की केबिनमध्ये मांजरीने दोनदा पिल्लं घातली. शेवटी भंगारात गेला. दादा आता एका शाळेचा बालरथ चालवतो.

वहिनी २०१३ मध्ये कुंडईला औषधांच्या कंपनीत लागली, पॅकिंगला. फर्स्ट शिफ्ट असली की पावणेसहाला बस नाक्यावर, सेकंड असली की रात्री अकराला घरी. घरात दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येणारा मोठा पगार आज तिचाच. बाबा २०१९ मध्ये गेले. त्यांच्या आजारपणात रजा कुणी काढल्या तेही सांगायला नको.

पैसा आटला, माणसं पांगली, पण पानं तेवढीच राहिली. कमी करायची कुणाला सुचलंच नाही. चवथीला सुट्ट्या दोन, कंपनीतही दोनच.

आता माझं. मी म्हापशाला दिलेली. सासरी दीड दिवसाचा गणपती. तो विसर्जन करून तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुर्ल्याला जातो ते पाचव्या दिवसापर्यंत. गेल्या वर्षी, २०२४ मध्ये, चवथ शनिवारी, ७ सप्टेंबरला होती. तिसरा दिवस सोमवार. वहिनीची सेकंड शिफ्ट. दुपारचं आमचं जेवण करून ठेवून ती कामाला गेली. संध्याकाळी आरतीवाले आले आणि नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा रिकामा झाला. रात्री मला मधेच जाग आली. स्वयंपाकघरात दिवा, आणि पाटावर कातण फिरवल्याचा आवाज, कर्र, थांबायचा, परत कर्र. मी घड्याळ बघितलं, पावणेदोन. मला कळलं ती काय करतेय. मी कूस बदलली आणि झोपले.

सकाळी ताज्या नेवऱ्या होत्या. मी तीन खाल्ल्या.

तर विचारायचं ते हे. तिचं चुकलं असं मला वाटत नाही, पण मग घरातल्या चवथीचं करायचं काय? माहेरच्या चवथीत लग्न झालेल्या बहिणीने पाळी घेतली तर चालते का, कुणाकडे अशी रीत आहे का? माझ्या सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माहेरी लेकीने जेवावं, वाढू नये."

---

शारजाकर:

कडू लागेल पण लिहितो. आम्ही बाहेर राहणारे चवथीला येतो तेव्हा तिकीट तिप्पट झालेलं असतं. वर्षाची अर्धी रजा त्यात जाते. गणपतीचं, भटजींचं, माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळांच्या चौकटीचं), फटाक्यांचं, सगळ्याचे पैसे आम्ही पाठवतो. घरात असलेल्याने घरचं बघायचं, बाहेर गेलेल्याने पैसे पाठवायचे, ही वाटणी माझ्या आजोबांपासून आहे. ते मुंबईला गिरगावात राहायचे आणि बोटीने पणजीला उतरायचे.

तुमच्या वहिनीने नोकरी सोडावी असं मी म्हणत नाही. पण वर्षातून एकदा पाच दिवस रजा काढायला काय हरकत आहे? आणि तेही जमत नसेल तर धाकट्याचं बरोबर आहे. फोंड्यात, म्हापशात आता सोवळ्याचं जेवण ऑर्डरवर मिळतं, खतखतं-मणगणं सगळं. पैसे टाका, मोकळे व्हा. त्यात चूक-बरोबर कशाला आणायचं?

---

पेडण्याची मावशी:

शारजाकर बाबा, पाच दिवस रजा काढायची आणि ते पाचही दिवस चुलीपुढे उभं राहायचं, ह्याला तुमच्या शारजात रजा म्हणतात का?

भिरंड बाय, तुझं वाचून मला माझं आठवलं. माझं लग्न १९७४ चं. सासरी आम्ही चार जावा, वर दोन विधवा आत्या आणि शेजारची एक जी चवथीत आमच्याकडेच असायची. पानं शंभरावर असायची. कामाचं मी कौतुक सांगत नाही, पाय सुजायचे. पण एकजण वाटण घ्यायची, एक नारळ किसायची, एक केळीची पानं पुसायची, आणि तिखट कुणी जास्त घातलं यावर भांडायलासुद्धा माणूस असायचं. कुणाची अडचण आली तर ती चार दिवस बाजूला बसायची, बाकीच्या उचलून धरायच्या. आता घरात एकटी सून. तिची अडचण चवथीत येते असं दिसलं की आठ दिवस आधीपासून गोळ्या. हे बायका एकमेकींत बोलतात, गणपतीपुढे बसलेल्या पुरुषांना माहीत नसतं. तुझ्या वहिनीने किती चवथी गोळ्या खाल्ल्या, विचार तिला एकदा.

माझ्या सासूला सहा मुलं. मला दोन. माझ्या लेकीला एक, आणि ती म्हणते बस्स. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत गोव्यात एका बाईमागे सरासरी १.३ मुलं निघाली. तेव्हा पुढच्या जावा कुठून येणार? त्या आता यायच्याच नाहीत. पंगत मात्र चार जावांच्या हिशेबाची.

आमच्या इथे मोपाचा विमानतळ झाला. ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली आणि वाड्यावरच्या पोरापोरींना शिफ्ट लागल्या. गेल्या वर्षी आरतीला घुमट वाजवायला दोघेच, आणि त्यातला एक शामेळवाला, म्हणजे साथीच्या वाद्यावरचा. कुणी रात्री अकराला जेवतं, कुणी पहाटे चारला. माझी सून तिथेच आहे. पहिल्या वर्षी मी पण तोंड वाकडं केलं होतं, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस नुस्तं (मासळी) साफ करताना माझाच हात कापला आणि तीन आठवडे मला काही करता येईना, तेव्हा घोवाला भात लावायला शिकवला. वयाच्या सत्तरीत शिकला. अजून पेज करपवतो.

आणि एक विचारू? तुझा दादा बालरथ चालवतो म्हणतेस. शाळांना चवथीची सुट्टी असते ना गो? मग वहिनी सेकंड शिफ्टला गेली त्या सोमवारी तो कुठे होता?

---

भिरंड:

मावशी, त्या सोमवारी दादा घरीच होता. माटोळी बघायला आलेल्यांना एकेका फळाचं नाव सांगत बसला होता. आंबाडे, तोरिंजन, घागऱ्या, हरणदोळे, कांगणी, आणि एक कडू फळ जे तो दरवर्षी रानातून स्वतः आणतो आणि ज्याचं नाव दरवर्षी वेगळं सांगतो. सुट्टी होती त्याला. मी एवढं लांबलचक लिहिलं आणि हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

---

फोंड्याचा वकील:

कुणी विचारलेलं नाही, पण इन्व्हेंटरीचा उल्लेख झाला म्हणून दोन शब्द. घरात वाद पेटवायचा हेतू नाही.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून हे चालत आलंय आणि आता वारशासाठी २०१२ चा गोव्याचा कायदा आहे, त्यातही मुलगा-मुलगी असा भेद नाही. तुमचं घर वडिलांच्या नावे होतं आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं असं धरून चाललो तर अर्धं घर आईचं, तिच्या स्वतःच्या हक्काचं, नवऱ्याकडून वारसा म्हणून आलेलं नव्हे. उरलेलं अर्धं तीन मुलांत समान, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. आता गंमत इथे आहे. त्या एक षष्ठांशात तुमच्या जोडीदारांचा अर्धा वाटा. वारशाने आलेली मालमत्तासुद्धा त्या एकत्र खात्यात पडते.

म्हणजे वहिनी एक बारांश. भिरंडताई, तुम्ही एक बारांश. बेंगळुरूची धाकटी भावजय एक बारांश. आणि म्हापशाला बसलेले तुमचे यजमान, तेही त्या सुर्ल्याच्या घराचे एक बारांश. घर विकायचं झालं तर या सगळ्यांच्या सह्या लागतात. माझ्या ऑफिसात अशा सह्यांसाठी असे जावई येतात की ज्यांनी त्या घराचा उंबरठा लग्नानंतर चार वेळा ओलांडलेला असतो.

तेव्हा "बंद पाडणारी ही कोण" याचं कायद्यातलं उत्तर, मालकीण. चवथीच्या पाळीबद्दल कायदा काही म्हणत नाही. गणपती इन्व्हेंटरीत येत नाही. मात्र भाऊ विभक्त झाल्यावर आळीपाळीने वर्षं वाटून घेतलेली घरं फोंडा तालुक्यात कितीतरी आहेत. बहिणीने पाळी घेतल्याची दोन मला माहीत आहेत. एका घरात भाऊच नव्हता, दुसऱ्यात भाऊ होता पण परदेशी. देव कोपल्याचं ऐकिवात नाही.

एक सल्ला फुकट. चवथीच्या आधी इन्व्हेंटरीचा विषय काढू नका. आमचा धंदा चवथीनंतर जोरात चालतो, तो का ते यावरून समजून घ्या.

---

अबोली:

मी वहिनीच्या जागेवरून लिहिते. मी पणजीत नोकरी करते, सासर साखळीला. आमचा सात दिवसांचा गणपती आम्ही गेल्या वर्षी दीड दिवसावर आणला. सासूबाईंनी आधी ग्रामदेवाला प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला. उजवा मिळाला, मग कुणी बोलायचं कारण उरलं नाही. तरी बोललेच. एका चुलत सासऱ्यांनी तर मला विचारलं, "काय गो, देवाला पण हाफ डे?"

केटररबद्दल सांगते, कारण सगळ्यांना ते फार सोपं वाटतं. नेवऱ्या आम्ही बचत गटाच्या बायकांकडून घेतो. चांगल्या असतात, माझ्यापेक्षा चांगल्या. पण ऑर्डर जुलैत द्यावी लागते, ती कोण देतं? मी. किती लागतील ते कोण मोजतं? गूळ चालेल की साखर, कुठल्या काकांना मधुमेह, भटजी पहाटे चारला येणार की साडेपाचला, मूर्तीचे पैसे चित्रशाळेत पोचले का, हळदीची पानं कुणाच्या परसातून येणार, ही सगळी यादी माझ्या डोक्यात. नवरा चांगला आहे, सांगितलं की करतो. पण सांगायचं कोणी? गेल्या वर्षी मी त्याला म्हटलं, यंदा तू मला सांग काय करायचं ते. दोन दिवस त्याने विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "आपण सुरुवात कुठून करतो?"

आणखी एक. कामाला जाणाऱ्या बाईला चवथीत घरात जेवढं काम असतं तेवढंच कामावरही असतं, कारण बाकीच्यांनी आधीच रजा टाकलेली असते. तुमच्या वहिनीच्या लाइनवर त्या सोमवारी किती बायका होत्या, विचारून बघा. ज्या होत्या त्यांनी बाकीच्यांचंही काम उचललं असणार.

---

शारजाकर:

मी एकटाच वाईट ठरलो वाटतं. असो. मावशी, आमच्याकडे रजेला रजाच म्हणतात, पण मुद्दा पोचला.

तरीही पैशाचा हिशेब कुणीतरी धरा. मी इथे खोलीत तिघांबरोबर राहतो, माझी भांडी मीच घासतो, आणि गावी चवथ थाटात व्हावी म्हणून वर्षभर बाजूला टाकतो. दहा-बारा दिवस घरी येतो. त्या दिवसांत मी कुठली वाटी कुठे ठेवायची शिकू? मला माझ्याच घरातला गाळणीचा खिळा माहीत नाही. हे बरं वाटत नाही, एवढंच सांगतो.

---

पेडण्याची मावशी:

आता कसं माणसासारखं बोललास. ये यंदा, आणि खिळा शोध.

---

भिरंड:

उशीर झाला लिहायला. रविवारी सुर्ल्याला जाऊन आले.

आधी वाटलं होतं वहिनीला समजवायचं. मग वाटलं माफी मागायची. दोन्ही केलं नाही. ती परसात भेंडीच्या रोपांना आधार लावत होती, मी सुतळी धरली. मी नेवऱ्यांच्या रात्रीचं सांगितलं, की मी जागी होते. ती म्हणाली, "माहीत आहे. तुझ्या बांगड्या वाजल्या." आणि पुढच्या रोपाकडे गेली. याच्यावर मला काही बोलता आलं नाही, तिनेही बोलायला लावलं नाही.

मावशी, गोळ्यांचं विचारलं. सात वर्षं. कंपनीत एकदा चक्कर येऊन पडली होती त्यानंतर बंद केल्या. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. अबोली, तिच्या लाइनवर त्या दिवशी अकराच्या जागी सहाजणी होत्या.

पण कारण वेगळंच निघालं. दमणूक आहेच, ती म्हणाली, ती काय आजची? तिचं माहेर केरीचं, सत्तरी तालुक्यातलं. तिथेही पाच दिवसांची चवथ. लग्न झाल्यापासून एकोणीस चवथी झाल्या, तिने माहेरची माटोळी एकदाही बघितलेली नाही. आमच्याकडची माणसं पाचव्या दिवशी उठायची तेव्हा तिथे विसर्जन होऊन गेलेलं असायचं. पहिल्या वर्षी तिच्या बाबांनी आमच्याकडे वजें, म्हणजे लेकीच्या माहेरची भेट, पाठवलं होतं. टिप्परवाल्यांच्या घरी पाठवायचं म्हणून फळं, नेवऱ्या, खाजें, सगळं दोन टेम्पोत भरून. त्याच्यासाठी त्यांनी सोसायटीतून कर्ज काढलं होतं हे मला परवा कळलं. आमच्याकडे तेव्हा त्या दोन टेम्पोंचे फोटो काढले होते, मी स्वतः उभी आहे त्यातल्या एकात, हातात चिबूड घेऊन. तिचे बाबा आता नाहीत. आईला नीट दिसत नाही. "ती असेपर्यंत एकदा जायचंय," म्हणाली. बस्स, एवढंच. हे तिने त्या शनिवारी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाली, "जमचें ना म्हटल्यावर कोणी का म्हणून विचारलं?"

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. इथे एवढं लिहिलं, पण तिला मीही विचारलं नव्हतं.

तर ठरलंय ते असं. पाच दिवस राहतील, आईसाठी. पंगत पहिल्या दोन दिवसांपुरती, घरच्यांची. आरतीवाल्यांना पंचखाजें आणि चहा. ज्यांना राग येईल त्यांनी यायचं तर यावं. नेवऱ्या वाळपईच्या बचत गटाला सांगितल्या, ऑर्डर दादाने दिली. दोनदा फोन करून विचारलं त्याने मला, किती सांगू, किती सांगू, पण दिली. यंदा, २०२५ मध्ये, चवथ बुधवारी, २७ ऑगस्टला. शुक्रवारी वहिनीची फर्स्ट शिफ्ट. ती सुटली की तिथूनच केरीला, ती थेट रविवारी विसर्जनाला परत. नाही आली तरी चालेल असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "येते, माझाच गणपती तो." शुक्रवार, शनिवार, रविवार स्वयंपाकघर माझं आणि दादाचं. धाकट्याला तयेच्या (चवथीच्या आदल्या दिवसाच्या) दोन दिवस आधी यायला सांगितलंय, माटोळीची चौकट बांधायला. फॅमिली ग्रुपवर त्याने अंगठा टाकलाय. त्या अंगठ्याचा अर्थ काय ते बघू.

नव्याच्या पंचमीची, म्हणजे नव्या भाताच्या पूजेची, कणसं मात्र यंदाही साखळीच्या बाजारातूनच. आजोबा कूळ होते, शेत आमच्या नावावर झालं, मग त्यात खाणीचा गाळ आला. तेव्हापासून भाताचा देव विकत आणतो. ते बदलणं कुणाच्या हातात नाही.

आई माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी फोन आला, हळदीची पानं किती लागतील विचारायला. तीही वहिनीला नाही, मला विचारली. मला आकडा माहीत नव्हता. वहिनीला विचारून सांगितला.

वकीलसाहेब, तुमचा हिशेब मी घरी नवऱ्याला वाचून दाखवला. तो खूश. गोव्यात आणखी एका घराचा बारावा हिस्सा आपला आहे हे त्याला लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर कळलं. म्हणाला, मग मी पण काहीतरी करायला हवं. चवथीला पंचवीस नारळ लागतात, बारावा हिस्सा म्हणजे दोन, तेवढे मी किसतो.

वहिनीला हे फोनवर सांगितलं. पलीकडे मशीनचा आवाज होता, ब्रेकमध्ये बोलत होती. म्हणाली, "मागचे एकोणीस वर्षांचे धर. दहा किसायला सांग. आणि आदोळी (विळी) धार लावून ठेवते, बोटं सांभाळ म्हणावं."